सपोझिटरी लावली तरी पोट साफ होत नाही: काय तपासायचं, कुठे थांबायचं

तीन दिवस शौचाला झालेली नाही. मेडिकलमधून सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत ठेवायची गोळी, आणली, लावली, तासभर वाट पाहिली, काही झालं नाही. मग संध्याकाळी दुसरी लावायची, रात्री वरून एरंडेल द्यायचं, आणि पहाटे पेशंट पोट धरून कळवळतोय. अंथरुणाला खिळलेल्या किंवा म्हातारपणाने मंदावलेल्या माणसांची घरी सेवा करणाऱ्यांना हा क्रम पाठ झालेला असतो. यातली दुसरी गोळी बहुतेक वेळा लावायचीच नसते. पहिली का चालली नाही हे शोधलं तर कारण साधं निघतं: गोळी उन्हाने वितळून बिघडलेली असते, अवेळी लावलेली असते, मळात रुतून बसलेली असते, नाहीतर मळ अजून खाली उतरलेलाच नसतो.

पुढचा क्रम मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुलांचं वेगळं लिहिलंय.

गोळीला हात लावण्याआधी

पोट फुगून टणक झालंय, उलट्या होतायत, वायूसुद्धा सरत नाही, तर सपोझिटरी लावू नका. आतड्याला अडथळा असू शकतो. पोटात उजव्या बाजूला खाली दुखतंय आणि सोबत ताप किंवा मळमळ आहे, तरीही नको. ॲपेंडिक्सच्या सुजेत जुलाबाच्या औषधाने नुकसान होतं. गुदद्वारातून रक्त येत असेल, मूळव्याध, फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) किंवा भगंदराचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, किंवा केमोथेरपी चालू असून पांढऱ्या पेशी कमी झाल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खालून काहीही ठेवायचं नाही. या माणसांना पुढचं काहीच लागू होत नाही.

बिघाड कसा दिसतो

सगळ्यांची तक्रार एकच असते, "गोळी लागू पडत नाही." पण नीट विचारलं की त्याचे प्रकार वेगवेगळे निघतात, आणि प्रकारावरून कारणाचा अर्धा पत्ता लागतो.

गोळी पाच-दहा मिनिटांत अख्खी बाहेर येते. ही पुरेशी आत गेलेली नाही, किंवा पेशंटला लगेच कमोडवर बसवलं गेलंय.

चादरीवर तेलकट किंवा मेणचट डाग पडतो, शौच होत नाही. गोळी वितळली, पण औषध आतड्याच्या भिंतीला लागलं नाही. किंवा तिथे ढकलण्यासारखं काही नव्हतं.

कळ येते, पेशंट कुंथतो, घाम फुटतो, पण बाहेर काही येत नाही. बसण्याची पद्धत तपासा. ती ठीक असेल तर दाराशी मोठा खडा अडकलेला असण्याची शक्यता धरा.

कळही नाही, शौचही नाही, पेशंट शांत पडून आहे. गुदाशय, म्हणजे गुदद्वाराच्या लगेच वरची मळ साठायची जागा, रिकामा असेल किंवा औषध चुकीचं असेल.

आधी दोन-तीन आठवडे छान चाललं, आता नाही. याचं उत्तर बहुतेक वेळा गोळीत नसतं. खाण्यात, पाण्यात किंवा नव्याने सुरू झालेल्या एखाद्या औषधात ते शोधावं लागतं.

आणि घरच्यांना हमखास फसवणारं लक्षण: बरेच दिवस घट्ट शौच नाही, पण डायपरला दिवसभर थोडं थोडं पातळ, वास मारणारं लागतंय. घरचे म्हणतात जुलाब लागले. याबद्दल पुढे सविस्तर.

१. पाकीट वाचा

एक मिनिटाचं काम, खर्च शून्य. फ्रिजच्या दारात एकाच कप्प्यात नातवाच्या तापाची पॅरासिटामॉलची सपोझिटरी, ऑपरेशननंतर उरलेली दुखण्याची डायक्लोफेनॅकची आणि आजोबांची पोट साफ होण्याची, अशा तिन्ही पडलेल्या असतात. दिसायला सगळ्या पांढऱ्या, बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या. पट्टीवर 'बिसाकोडिल' किंवा 'ग्लिसरीन' हा शब्द दिसलाच पाहिजे. डायक्लोफेनॅक म्हाताऱ्या माणसाच्या किडनीला आणि जठराला त्रास देऊ शकतं, म्हणून ही अदलाबदल नुसती निरुपयोगी नाही, धोक्याची आहे.

ताकद बघा. बिसाकोडिल मोठ्यांसाठी १० मिलिग्रॅमची असते, मुलांसाठी ५ मिलिग्रॅमची. डल्कोलॅक्ससारख्या ब्रँडमध्ये दोन्ही येतात आणि घाईत मुलांची हातात पडते. ग्लिसरीनच्याही मोठ्या आणि लहान अशा दोन मापांत मिळतात. मुदत संपलेली नाही ना, तेही बघून घ्या.

मग वेष्टन. प्लास्टिकचं किंवा फॉइलचं आवरण न काढता गोळी ठेवली जाते, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण पहिल्यांदा लावणाऱ्याकडून होतं. आवरणाच्या कडा आतल्या नाजूक अस्तराला कापतात. नव्या माणसावर काम सोपवताना सुटी, सोललेली गोळी एकदा दाखवूनच सोपवा. तोंडाने घ्यायची नाही, हेही स्पष्ट सांगा.

२. गोळी उन्हात मऊ झाली होती का?

बिसाकोडिलची गोळी घट्ट चरबीसारख्या पदार्थात बांधलेली असते. शरीराच्या उबेने, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास, ती वितळावी म्हणूनच तो पदार्थ निवडलेला असतो. आता एप्रिल-मे महिन्यातली कोल्हापूरची दुपार डोळ्यांपुढे आणा. बाहेर पारा ३५च्या पुढे, आणि राजारामपुरीतल्या दुकानातून घेतलेली पट्टी स्कूटरच्या डिकीत. डिकीतली उष्णता बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त. घरी पोचेपर्यंत आत गोळी पातळ झालेली असते आणि संध्याकाळी गारव्याने पुन्हा घट्ट होते. वरून पट्टी नवीकोरी दिसते. पण वितळताना औषधाची पूड एका टोकाला जाऊन बसते, आकार वेडावाकडा होतो आणि ठेवताना गोळी मधेच मोडते.

म्हणून सोलल्यावर नीट बघा. कड गुळगुळीत, टोक शाबूत, रंग सगळीकडे सारखा असेल तर चांगली. चपटी झालेली, आवरणाला चिकटलेली, पोकळ किंवा ठिपकेदार दिसणारी फेकून द्या. औषध वाया गेलं तरी चालेल, पेशंटची एक सकाळ वाया घालवू नका. नुसती मऊ पडली असेल, आकार टिकून असेल, तर आवरणासकट पंधरा-वीस मिनिटं गार पाण्यात किंवा फ्रिजमध्ये ठेवून मग सोला. फ्रीझरमध्ये ठेवू नका. बर्फासारखी गार गोळी आत गेली की गुदद्वाराचे स्नायू आवळतात आणि ती परत बाहेर येते. फ्रिजमधून काढल्यावर दोन-चार मिनिटं बाहेर ठेवायची.

ग्लिसरीनचं उलटं आहे. तिला उष्णतेइतकाच दमटपणा बाधतो, कारण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात बरणीचं झाकण सैल राहिलं की गोळ्या चिकट होऊन एकमेकींना धरतात. झाकण घट्ट लावा, ओल्या बोटांनी बरणीत हात घालू नका.

३. वेळ कोणती निवडली?

फुकटातला सगळ्यात मोठा फायदा या तपासणीत आहे आणि तिच्याकडेच कुणी बघत नाही. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं. सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर ही हालचाल जोरात असते. गोळीला त्या लाटेची जोड मिळाली तर काम होतं. दुपारी साडेतीनला झोपेतून उठवून, रिकाम्या पोटी लावलेली तीच गोळी फसते.

सकाळी उठल्यावर कपभर कोमट पाणी किंवा चहा, मग नाष्टा, नाष्ट्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी गोळी. नाष्टा पोटभर हवा. कपात बुडवलेल्या दोन खारींनी आतडं जागं होत नाही. मऊ उपमा, भाकरी दुधात कुस्करून, थालीपीठ, जे चावता येईल ते. मिसळीनेही आतडं हलतं, पण फिशर किंवा मूळव्याध असलेल्याला तो झणझणीतपणा शौचाच्या वेळी आग लावतो, आणि त्या भीतीने तो शौच रोखून धरतो. त्याच्यासाठी कट बाजूला ठेवा.

रोजची वेळ एकच ठेवा. घरातल्या सगळ्यांची आंघोळ, शाळा, ऑफिस उरकल्यावर 'आता बघू आजींचं' असं केलं की कळ येऊन विरूनही गेलेली असते.

४. बोटाला काय लावलं?

व्हॅसलीन, खोबरेल तेल, तूप, एरंडेल. घरात जे हाताला लागेल ते माखून गोळी ठेवायची पद्धत आहे. ती सोडा. ग्लिसरीनची गोळी आतल्या ओलाव्यात विरघळते आणि पाणी ओढून काम करते. तिच्यावर तेलाचा थर बसला तर पाणी पोचतच नाही. बिसाकोडिललाही आतड्याच्या अस्तराला थेट भिडावं लागतं, तिथल्या मज्जातंतूंना ती डिवचते तेव्हाच स्नायू आकुंचन पावतात. साध्या पाण्यात गोळी क्षणभर बुडवा, पुरे. आत जाणाऱ्या बोटाच्या हातमोज्याला पाण्यात विरघळणारी जेली लावली तर चालते. बधिर करणारी लिग्नोकेन जेली मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. जागा बधिर झाली की मळ दाराशी आल्याची जाणीवही बोथट होते.

५. कशी आणि किती आत ठेवली?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

पेशंटला डाव्या कुशीवर वळवा. डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाकडे घेतलेला, पाठीमागे उशी. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग पोटाच्या डाव्या बाजूला असतो, म्हणून ही कूस. अर्धांगवायूमुळे डाव्या कुशीवर झोपवणं जमत नसेल तर उजवीही चालेल, हट्ट करू नका. ढुंगणाखाली प्लास्टिक आणि त्यावर जुना टॉवेल टाका. नखं कापलेली, अंगठी काढलेली, हातमोजा घातलेला.

पेशंटला तोंडाने हळू श्वास सोडायला सांगा आणि सोडत असतानाच गोळी आत सरकवा, त्या वेळी स्नायू सैल असतात. टोकदार बाजू आधी, नाभीच्या दिशेने. मोठ्या माणसात ३ ते ४ सेंटिमीटर, म्हणजे तर्जनीची दोन पेरं. गुदद्वाराची आवळून धरणारी नळीच दोन-चार सेंटिमीटरची असते. गोळी तिच्यातच राहिली तर स्नायू तिला बाहेर फेकणार. ती नळी ओलांडली की बोटाला जागा सैल झाल्यासारखी लागते. गोळी त्या पलीकडे गेली पाहिजे.

मग सगळ्यात महत्त्वाचं: बोटाने गोळी हलकेच एका बाजूला ढकलून भिंतीला टेकवा. मळाच्या गोळ्यात खुपसलेली सपोझिटरी मळातच विरघळते आणि भिंतीला लागत नाही. घरी लावलेल्या गोळ्या फुकट जाण्यामागे हे कारण पुन्हापुन्हा सापडतं. बोटाला समोर मळ लागला तर मळ आणि भिंत यांच्या मधल्या फटीतून गोळी सरकवा. फट सापडत नसेल, सगळीकडे दगडासारखं टणकच लागत असेल, तर गोळी ठेवू नका. आठव्या मुद्द्यावर जा.

जोर कधीच करायचा नाही. बोट आत जाताना पेशंट दचकला, विव्हळला, तर थांबा. फिशर असेल तर त्या जागेवरून जाणारी प्रत्येक गोळी जखम पुन्हा उघडते.

६. नंतर काय केलं?

कूस न बदलता किमान पंधरा मिनिटं पडून राहू द्या. पहिल्या दोन-तीन मिनिटांत जी 'लागल्यासारखी' जाणीव होते ती गोळीच्या स्पर्शाची असते. तेव्हा उठवलं की गोळी अख्खी पडते. माणूस रोखू शकत नसेल तर दोन्ही कुल्ले हाताने जवळ धरून ठेवा.

ग्लिसरीनचा परिणाम साधारण १५ ते ३० मिनिटांत दिसतो, बिसाकोडिलचा १५ ते ६० मिनिटांत. हे गणित संडासच्या अंतराशी जुळवा. पेठांतल्या जुन्या घरांत संडास परसात किंवा जिना उतरून खाली असतो. काठी टेकत तिथपर्यंत जाईतो कळ निघून जाते, नाहीतर वाटेतच होतं आणि माणूस लाजेने खचतो. अशा घरात कमोड खुर्ची पलंगाला लावून ठेवा. ती भाड्यानेही मिळते.

बसवल्यावर पाय लोंबकळू देऊ नका. कमोडची उंची म्हाताऱ्या माणसाला जास्त होते. पायाखाली १५-२० सेंटिमीटर उंचीचा पाट किंवा स्टूल द्या, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत, कोपरं मांडीवर, अंग किंचित पुढे. उकिडवं बसल्यावर गुदाशयाचा वळलेला मार्ग सरळ होतो, म्हणून आपल्या जुन्या बैठ्या संडासात सोपं जायचं. गुडघेदुखीमुळे ती बैठक सुटली असेल तर पाटाने तिचा बराचसा फायदा परत मिळतो. पलंगावर झोपवून बेडपॅन लावलं असेल तर निदान पाठीमागे उशा लावून अर्धवट बसतं करा. सपाट झोपून मळ बाहेर ढकलणं धडधाकट माणसालाही जड जातं.

दार लोटून घ्या आणि बाहेर थांबा. दर मिनिटाला "झालं का?" विचारल्याने स्नायू आवळले जातात. पण हृदयाचा त्रास असलेल्याला कडी लावू देऊ नका. कुंथताना चक्कर येऊन पडणारी माणसं असतात. झाल्यावर झटकन उभं करायचं नाही, दोन मिनिटं बसू द्या.

७. औषध मळाला जुळतंय का?

दोन्ही गोळ्या एकच काम करतात असं समजून दुकानदार जी देईल ती आणली जाते. ग्लिसरीन मळाला ओलसर आणि निसरडं करते, थोडं डिवचते. मळ खाली आलेला आहे पण कोरडा, खडे-खडे आहे, तिथे ती आधी वापरावी. बिसाकोडिल ढकलण्याचा जोर वाढवते. मळ मऊच आहे, पण अंथरुणावर पडून किंवा मज्जातंतूंच्या आजाराने आतड्यात जोर उरलेला नाही, तिथे ती उपयोगी. टणक खड्यामागून बिसाकोडिलचा जोर लावला तर पेशंटला नुसत्या कळा येतात.

गोळी ठेवताना बोटाला गुदाशय पूर्ण रिकामा लागला, तर मळ वर मोठ्या आतड्यात आहे. तिथे खालून ठेवलेल्या गोळीची मजल फारशी पोचत नाही. अशा वेळी तोंडाने घ्यायचं मळ मऊ करणारं औषध लागतं. लॅक्टुलोज १५ ते ३० मिली दिलं तर परिणामाला एक-दोन दिवस जातात. पॉलिथिलीन ग्लायकॉलची पावडर १७ ग्रॅम ग्लासभर पाण्यात. तिलाही एक ते तीन दिवस लागतात. यांतलं कोणतं, किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून ठरवा, मधुमेह आणि किडनीचा त्रास असेल तर नक्कीच.

इसबगोल घरात असतोच. चालत्या-फिरत्या माणसाला, दोन चमच्यांमागे मोठा ग्लासभर पाणी पिणार असेल तर, तो चांगला. दिवसभरात जेमतेम तीन कप पाणी पिणाऱ्या, अंथरुणावरच्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला तो देऊ नका. पाण्याविना तो आतच फुगून मळात आणखी एका गोळ्याची भर घालतो.

आणि एक सक्त गोष्ट. बिसाकोडिलची तोंडाने घ्यायची वेगळी गोळी, सोनामुखी असलेलं चूर्ण, वर एरंडेल आणि खालून सपोझिटरी, असं सगळं एकाच दिवशी देऊ नका. जुलाबाने अंगातलं पाणी आणि पोटॅशियम जातं. लघवी वाढवणारी किंवा डिगॉक्सिनसारखी हृदयाची औषधं चालू असतील तर पोटॅशियम घटल्याने हृदयाचे ठोके बिघडतात. २४ तासांत एकच सपोझिटरी, आणि सलग सात दिवसांवर जायची वेळ आली तर डॉक्टरांना दाखवायचंच.

८. 'जुलाब' खरंच जुलाब आहेत का?

आता ते फसवं लक्षण. गुदाशयात मोठा टणक खडा अडकला की वरचा मळ पुढे सरकू शकत नाही. वर साठलेला पातळ भाग खड्याच्या कडेने झिरपतो आणि डायपरला लागतो. घरचे जुलाब थांबवणारी गोळी देतात, त्याने आतडं आणखी थंडावतं आणि खडा वाढतो. ओळखायचं कसं? हे पातळ थोडं थोडं आणि सतत येतं, पेशंटला कळतही नाही. त्याआधी काही दिवस नीट शौच झालेली नसते. भूक गेलेली, पोट जड, कधी लघवीही तुंबते, कारण भरलेला गुदाशय मूत्रमार्गावर दाब देतो. काही म्हातारी माणसं नुसती गोंधळल्यासारखी, चिडचिडी होतात आणि पोटाचं नावच घेत नाहीत.

इथे घरचे उपाय संपतात. बोटाने खडा फोडून काढायचा प्रयत्न घरी करू नका. आतली त्वचा फाटते, रक्तस्राव होतो, हृदयाच्या रुग्णाला भोवळ येऊ शकते. हे काम डॉक्टर किंवा शिकलेली नर्स करते. आधी तेलाच्या एनिमाने खडा मऊ करून, लागलं तर गुंगीचं औषध देऊन. दुकानात मिळणारा फॉस्फेटचा तयार एनिमाही म्हाताऱ्यांना, किडनी किंवा हृदयाच्या रुग्णांना स्वतःच्या मनाने देऊ नये. तो आत अडकून राहिला तर रक्तातलं फॉस्फेट वाढून आणि कॅल्शियम घटून जिवावर बेतू शकतं.

९. पुन्हापुन्हा का होतंय?

गोळी लागू पडली तरी दर आठवड्याला तीच वेळ येत असेल, तर औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करा. मलावरोध करणारी नेहमीची औषधं अशी: लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अमिट्रिप्टिलीन, पार्किन्सनसाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल, रक्तदाबाच्या व्हेरापामिलसारख्या गोळ्या, उलटीची ओन्डान्सेट्रॉन, ॲल्युमिनियम असलेली पित्ताची औषधं. यादी करून डॉक्टरांना दाखवा. मनाने काहीही बंद करायचं नाही. थायरॉइड कमी असणं, जुना मधुमेह, रक्तातलं कॅल्शियम वाढणं, यांनीही आतडं मंदावतं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं.

ताट बघा. दात गेलेल्या माणसाचा आहार हळूहळू दूधभात, खारी-बिस्किट, रव्याची खीर एवढ्यावर येतो. त्यात चोथाच नसतो. पांढरा रस्सा-भात दोन वेळा प्रेमाने भरवला तरी आतड्याला धरायला काही मिळत नाही. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, शिजवून घोटलेली मेथी किंवा चाकवत, पिकलेली पपई, रात्री भिजवलेले अंजीर-मनुका कुस्करून. हे बिनदाताच्या माणसालाही जमतं. पाणी दिवसाला दीड लिटरच्या आसपास. हृदय किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर तीच पाळा. रात्री उठायला लागू नये म्हणून दुपारनंतर पाणीच न पिणारे आजी-आजोबा घरोघरी आहेत. त्यांचं पाणी सकाळच्या वेळात भरून काढा.

लहान मुलांसाठी

विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून बाळाला लावणं किंवा साबणाची चीप ठेवणं बंद करा. देठाने इजा होते, साबणाने आतलं अस्तर भाजल्यासारखं होतं. पहिला महिना उलटल्यावर फक्त आईच्या दुधावर असलेलं बाळ चार-पाच दिवस शी करत नसेल, पण दूध पितंय, पोट मऊ आहे आणि केली तेव्हा शी मऊच असते, तर काही करायची गरज नसते. नवजात बाळाने ४८ तासांत पहिली काळी शी केली नाही, किंवा बाळ हिरवी उलटी करतंय, तर तडक दवाखाना. मुलांना ग्लिसरीन असो की बिसाकोडिल, बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेल्या मापानेच. मोठ्यांची गोळी अर्धी कापून देऊ नका, औषध दोन्ही तुकड्यांत सारखं असेलच असं नाही.

इथे थांबा आणि डॉक्टरांना बोलवा

नीट साठवलेली गोळी, योग्य वेळी, भिंतीला टेकवून, पाटावर पाय ठेवून बसवलं, तरी तासाभरात काही नाही: त्या दिवशी दुसरी नको, फॅमिली डॉक्टरांना फोन करा. पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे शौचाची सवय अचानक बदलली, वजन घटतंय, मळ बारीक पट्टीसारखा येतोय, रक्त पडतंय किंवा रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालंय: मोठ्या आतड्याची तपासणी करून घ्यायला हवी, मूळव्याध समजून महिने घालवू नका. डांबरासारखी काळी, चिकट शौच ही वरच्या आतड्यातल्या रक्ताची खूण असू शकते. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळसर होतो, पण खात्री डॉक्टरांनाच करू द्या.

मानेला किंवा छातीच्या वरच्या भागात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाची गोष्ट वेगळी. गोळी ठेवताना किंवा गुदाशय भरलेला असताना त्याला अचानक डोकं फुटेल असं दुखलं, चेहरा लाल झाला, घाम सुटला, तर रक्तदाब धोक्याच्या पातळीला चाललाय. हात काढा, त्याला बसतं करा, कपडे सैल करा, १०८ला फोन लावा.

पोट फुगलंय, उलटी होतेय, वायू सरत नाही, किंवा दुखणं सहन होत नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नका. कोल्हापूर शहरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रीही चालू असतो. चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीकडच्या घरांनी तर लवकर निर्णय घ्यावा, कारण प्रवासातच बराच वेळ जातो.

निघताना सोबत घ्या: चालू औषधांची पिशवी, लावलेल्या सपोझिटरीचं रिकामं आवरण, आणि एका कागदावर शेवटची नीट शौच कोणत्या दिवशी झाली, गोळी किती वाजता लावली, किती मिनिटांनी काय बाहेर आलं आणि शेवटचा वायू कधी सरला. तपासणारे डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारतात. तोवर पेशंटला तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा.